तळं चालत येतं म्हणणारा बिराप्पा

बिराप्पाचं बोलणं खरं धरायचं नाही, हे आमच्या गावात नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगतात. चूल कुठली, पाण्याची टाकी कुठली आणि बिराप्पा कुठला, एवढं कळलं की ती गावची झाली.

गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या शिवेला लागून. इथली माणसं मराठीत भांडतात आणि कन्नडात समजूत काढतात. पाऊस लहरी, जमीन मुरमाड आणि प्यायचं पाणी वर्षातले कितीतरी महिने टँकरनं येतं. अशा गावाला करमणुकीसाठी एक थापाड्या लागतोच. तो मान बिराप्पाकडे आला आणि त्यानं तो कधी खाली पडू दिला नाही.

बिराप्पा धनगराचा. मिसरूड फुटायच्या आत त्यानं चुलत्याच्या मेंढरांच्या पाठीवर आपल्या घरची लाल खूण काढून ठेवली. सकाळी त्याचा बाप आणि चुलता, दोघं भाऊ कळपाकडं बघत उभे. कुणाचं मेंढरू कुठलं, कळेना. शेवटी दोघांनी माळाच्या दोन टोकांना उभं राहून हाका मारल्या, जे मेंढरू ज्याच्या हाकेला गेलं ते त्याचं. दोन मेंढरं मात्र कुणाकडंच गेली नाहीत. ती बिराप्पामागं आली. त्यांचा निकाल अजून लागलेला नाही.

पुढं पठारावर पवनचक्क्या आल्या, तेव्हा त्यानं शोध लावला की त्या वाऱ्यानं फिरत नाहीत, त्याच फिरून वारा घालतात आणि त्या वाऱ्यानं आपल्याकडचे ढग विजापूरला जातात. ही थाप इतकी जोरात चालली की ऐन मृगात गावातली माणसं पवनचक्कीच्या पहारेकऱ्याकडं गेली आणि 'चार दिवस बंद ठेवा, पेरणी उरकून घेतो' म्हणाली. पहारेकरी कोकणातला होता. त्याला वाटलं, ही इकडची काहीतरी रीत असेल. 'साहेबांना विचारतो,' म्हणाला.

मेंढरं कमी झाली तसा बिराप्पा कालव्याच्या कामावर गेला आणि तिथं पोकलेन चालवायला शिकला. हात चांगला बसला. पोकलेनच्या बकेटनं तो जमिनीवरची आगपेटी उचलायचा. निदान तसं सांगायचा. मग एका कंत्राटदाराबरोबर तो थेट सिक्कीमला रस्त्याच्या कामावर गेला. बायको हरणाबाई घर आणि राहिलेली मेंढरं बघायला मागं राहिली. फोनवर तो तिला म्हणायचा, "अगं, इथं ढग दारातनं आत येत्यात, बसायला पाट मागत्यात." ती म्हणायची, "मग त्यातला एक इकडं धाडून द्या."

तिथं डोंगराच्या कुशीत, नदीच्या काठाला त्यांचं काम चालू होतं. कामाच्या वरच्या अंगाला पेमा नावाच्या बाईचं चहाचं दुकान होतं. पेमा हिंदीतून बोलायची आणि बिराप्पा ज्याला हिंदी समजायचा त्यातून बोलायचा. तरी दोघांचं जमलं, कारण पेमाही कमी नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं याला मीठ घातलेला लोण्याचा चहा दिला आणि दुसरा कप नको म्हणणं तिकडं अपमान समजतात असं सांगितलं. सहावा कप घशाखाली गेल्यावर बिराप्पाला कळलं, की तसं काही नसतं. त्या दिवसापासून त्यानं तिला गुरू मानलं.

पेमाची एक खोड होती. चहा ओतता ओतता ती सारखी वर, खोऱ्याच्या माथ्याकडं बघायची. बिराप्पानं विचारलं, तर म्हणाली, "वर तळं आहे. त्याच्यावर नजर ठेवते."

"तळ्यावर कशाला नजर? पळून जाणार हाय व्हय?"

"हो," पेमा म्हणाली.

बिराप्पाला वाटलं, हा सातवा कप. पण सुट्टीच्या दिवशी पेमाचा भाऊ वर निघाला, तेव्हा तो त्याच्याबरोबर गेला. धापा टाकत, थांबत, कपाळ ठणकत तो वर पोचला आणि बघतो तर खरंच तळं. दुधात निळं टाकावं तसल्या रंगाचं. पलीकडं बर्फाची भिंत, तिच्यावर डोंगराला लोंबकळणारा आणखी बर्फ आणि अलीकडं तळ्याला अडवून धरणारा दगडमातीचा उंच बांध.

बांध म्हटल्यावर बिराप्पातला पोकलेनवाला जागा झाला. त्यानं टाचेनं माती उकरली. भुसभुशीत. दगड, गोटे, वाळू, चिखल, सगळं एकत्र ओतलेलं. काळ्या मातीचा गाभा नाही, रोलर फिरवलेला नाही. इकडून तिकडं चालत गेला, जादा पाणी वाहून जायला सांडवाही नाही.

"हे काम कुणाचं?" त्यानं विचारलं.

"हिमनदीचं," पेमाचा भाऊ म्हणाला.

"हिला काळ्या यादीत टाका."

उतरताना त्यानं सगळं ऐकून घेतलं. हिमनदी म्हणजे बर्फाचीच नदी. डोळ्यांना कळणार नाही इतकी हळू सरकते, पण सरकताना डोंगर खरवडते आणि पुढं ढीग लोटत नेते. या भावाच्या आजोबाच्या लहानपणी ती त्या बांधापर्यंत होती. मग उन्हाळे वाढले, बर्फ वितळला आणि ती मागं मागं सरकली. लोटलेला ढीग मात्र जागच्या जागी राहिला. मधे जो खड्डा पडला त्यात वितळलेलं पाणी साठत गेलं. आजोबाच्या म्हातारपणी तिथं डबकं होतं, बापाच्या वेळी तलाव झाला आणि आता पलीकडचा काठ धुक्यात दिसत नाही. बांधाच्या पोटातही जुना बर्फ गाडला गेलेला आहे. तोही आतल्या आत विरघळतोय, त्यामुळं बांध आतून पोकळ होतोय.

त्या दिवसापासून बिराप्पाही पोकलेनच्या केबिनमधून अधूनमधून वर बघायला लागला.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी तो नदीपात्रात दगड उचलत होता. आधी केबिनची काच थरथरली. त्याला वाटलं, इंजिन. इंजिन बंद केलं तरी काच थरथरतच होती. नदीचं पाणी गढूळ झालं होतं आणि हवेला ओल्या मातीचा वास आला होता, जणू कुणीतरी डोंगरच नांगरलाय. वरून पेमा पातेल्यावर पळी बडवत ओरडत होती. तिच्या ओरडण्यातला एकही शब्द त्याला कळला नाही, पण पाय त्याच्या आधी निघाले. मशीन तिथंच टाकून तो आणि बाकीचे चढणीला लागले.

मागून आलं ते पाणी नव्हतं. पुढं दगड होते. घराएवढे धोंडे एकमेकांवर आदळत, त्यांच्यामागं झाडं, त्यामागं चिखल आणि या सगळ्याला ढकलणारं पाणी. बिराप्पाचं पोकलेन एकदा डोलल्यासारखं झालं, त्याचा लांब बूम हातासारखा वर झाला आणि मग चाकांवरची चेन आभाळाकडं करून ते गेलं.

वर घडलं होतं ते असं. लोंबकळणाऱ्या बर्फाचा एक कडा तुटून तळ्यात पडला. त्याची लाट बांधावरून पलीकडं गेली. जाताना तिनं बांधाच्या माथ्यावर नुसती एक घळ पाडली. पण घळीतून पाणी वाहायला लागलं की ते घळ खोल करतं, खोल झाली की जास्त पाणी येतं आणि जास्त पाणी आणखी कापतं. एकदा हे सुरू झालं की बांध थांबवूच शकत नाही. बांध स्वतःच वाहून चाललेला असतो.

माणसं वाचली. खालच्या वस्तीतही फोन गेले होते, लोक वर पळाले होते. पण दुसऱ्या दिवशी बिराप्पा खाली बघायला आला, तर त्याला खोरं ओळखू येईना. वेलदोड्याचे मळे होते तिथं दगडांचं मैदान. नदी उजव्या काठानं वाहायची, ती आता डाव्या काठाला जाऊन बसली होती. नदीचा तळ गोट्यांनी भरून इतका वर आला होता, की पुलाचा उरलेला खांब ठेंगणा दिसत होता. काठ खालून कापले गेल्यामुळं वरच्या दरडी पुढं किती तरी दिवस घसरत राहिल्या. एका बाजूच्या ओढ्याचं तोंड बुजून तिथं नवंच तळं तयार झालं. पोकलेन सापडलं ते पार खाली, नुसतं बकेट चिखलातून वर आलेलं, भीक मागणाऱ्या हातासारखं.

बिराप्पा त्या बकेटवर बसून राहिला. त्याला भीती वाटत होती, वाईट वाटत होतं आणि, हे त्यानं फक्त हरणाबाईला सांगितलं, थोडा मत्सरही वाटत होता. "आपुन जन्मभर उचललं असतं तरी एवढी माती हलली नसती गं. आन् त्या पाण्यानं चहा पिऊस्तर उरकलं."

तो गावी परत आला आणि थेट धनाजीच्या हाटेलात जाऊन बसला. धनाजी म्हणजे गावचा चहावाला आणि गावचं वर्तमानपत्र. जन्मात पहिल्यांदा बिराप्पा खरं बोलायला आला होता. तोंडही तसं गंभीर केलं होतं, आणि तिथंच चुकलं. थाप मारतानाही तो असंच तोंड करायचा.

"तळं चालत आलं?" धनाजीनं विचारलं.

"पळत आलं."

"गड्या, आमच्याकडं टँकरला धा फोन केले तरी येत न्हाई आन् तिकडं आख्खं तळं न बोलावता येतंय?"

हाटेल हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसले हंबीरराव. हंबीरराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, द्राक्षबागेचे मालक. कपडे पांढरेशुभ्र आणि हात असा आखडता, की त्यांच्या घरी पाहुणा पाणी पिऊन उठला तरी त्याला जेवल्यासारखं वाटावं, अशी त्यांची अपेक्षा. त्या दिवशी मुलीचं स्थळ बघायला निघाले होते म्हणून जरा जास्तच पांढरे होते.

"न्हाई पटत? दावतो," बिराप्पा म्हणाला. त्यानं धनाजीकडून मोठा ट्रे घेतला, एका अंगाला चहाच्या चोथ्याचा बांध घातला आणि वरच्या कोपऱ्यात कपभर चहा ओतला. तळं तयार झालं. सगळे वाकून बघायला लागले. "आता ह्यो बर्फाचा कडा," म्हणत त्यानं चहात बुडवायचं एक कडक बटर उंचावरून तळ्यात सोडलं. लाट उठली, चोथ्यावरून गेली, बारीक घळ पडली. क्षणभर वाटलं, थांबलं. मग घळ रुंदावली, बांध बसला आणि सगळा चहा, चोथा आणि बटर हंबीररावांच्या मांडीवर.

"बघा, नदीनं पात्र बदललं," बिराप्पा म्हणाला.

हंबीरराव उठले. पुढून पांढरे राहिले नव्हते. "थापाड्या! पुन्हा माझ्या वाटंला गेलास तर बघ!" स्थळ मोडलं नाही. पण तिकडच्या मंडळींनी पायजम्याचं विचारल्यावर हंबीररावांना तळ्याची गोष्ट सांगावी लागली आणि ती त्यांच्या तोंडूनही कुणाला खरी वाटली नाही. त्याचा राग जास्त होता.

मग ते वर्ष आलं ज्या वर्षी परतीचा पाऊस आमच्यावर उलटला. गावाच्या वर जुना पाझर तलाव आहे. मातीचा बांध, आत बहुतेक वेळा बाभळी. तो भरला. माणसं हळदकुंकू घेऊन गेली, फोटो काढले. पाणी आणखी साठावं म्हणून गावानं सांडव्यात मातीची पोती रचली. ज्याला जन्मभर पाणी मिळालं नाही तो सांडव्यातून जाणारं पाणी बघू शकत नाही, त्यात आमची चूक नाही. बिराप्पा म्हणाला होता, पोती काढा. पण म्हणणारा बिराप्पा होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो मेंढरं पुढं घालून मोटारसायकलवर बांधाकडं गेला. बांधाच्या माथ्यावर ट्रॅक्टर जाऊन जाऊन एक सखल जागा झाली होती. तिथून पाण्याचा पातळ पदर पलीकडं उतरत होता. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पावलाएवढी घळ पडली होती आणि पाणी लालभडक, मातीचं येत होतं. त्यानं सांडव्यातली पोती ओढून बघितली, ती गाळात रुतून दगड झाली होती. परत वळून बघितलं, तर घळ गुडघाभर.

त्यानं मेंढरं माळाकडं हाकली आणि मोटारसायकलला लाथ मारली.

आमचा आठवड्याचा बाजार ओढ्याच्या पात्रात भरतो. रुंद, सपाट, वाळूची जागा, वर्षभर कोरडी. त्या दिवशीही कडेनं पाण्याची चार बोटांची धार तेवढी होती. बिराप्पा मधोमध जाऊन ओरडला, "बांध फुटायला लागलाय! पळा वर!"

कांदेवाल्यानं तराजूवरून मानसुद्धा उचलली नाही. "सिक्कीमचं तळं आलं व्हय रं?"

"आलं आसंल, त्याला बसायला पाट द्या," दुसरा म्हणाला.

बिराप्पानं कुणाचे हात धरले, कुणाच्या पाया पडला. जितकं कळवळून सांगावं तितकं हसू वाढायला लागलं. 'आज लय रंगात हाय' म्हणून लोक दुरून बघायला जवळ आले. खरं बोलून हा बाजार हलणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो थांबला. तोंड पुसलं. धनाजी कोथिंबीर घेत होता, त्याला बाजूला ओढून कानात म्हणाला, "बरं, कुणाला सांगू नकोस. हंबीररावनं बिरोबाच्या माळावर बोकडं कापल्यात. लेकीचं लगीन ठरलं म्हणून. मोजक्याच माणसांचं जेवण हाय, गर्दी नको म्हणून मला हितं लोकांना हसवत ठेवायला धाडलंय."

धनाजीचे डोळे बारीक झाले. हे पटण्यासारखं होतं. हंबीरराव जेवण घालतील हे अवघड, पण घातलंच तर चोरून घालतील यात शंका नव्हती.

"किती येळ झाला बसून?"

"पहिली पंगत उठत आली आसंल."

धनाजीनं कोथिंबीर तिथंच टाकली. कुणाला सांगू नकोस म्हटल्यामुळं पुढचं काम त्यानं फार झटकन केलं. कांदेवाल्यानं पोत्यावर कापड ओढलं. कोंबड्या विकणाऱ्यानं पाटी डोक्यावर घेतली. मोजकंच जेवण म्हटल्यावर चालणारी माणसं पळायला लागली.

हरणाबाई तिथंच शेंगा विकत बसली होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तोंड हसरं होतं, पण डोळे सारखे वर बांधाकडं जात होते. इतक्या वर्षांत तिनं हजार थापा बघितल्या होत्या, पण वर बघत मारलेली एकही नव्हती.

"आवं, खरंच फुटणार हाय?" तिनं हळूच विचारलं.

"खरंच गं."

ती उठली आणि बायकांच्या ओळीत शिरली. "बसलाय काय बायांनो, वर हंबीररावाची मालकीण साड्या वाटाया लागलीया!" बांगड्यावाला माळकरी होता, तो जागचा हलेना. मटणाशी त्याला काय करायचं होतं? हरणाबाईनं त्याची पेटी उचलून काखेला मारली. "तुमची पंगत निराळी हाय, आप्पा. तुपातला शिरा." आप्पा तिच्या मागोमाग निघाले, अर्धे शिऱ्यासाठी, अर्धे पेटीसाठी.

सगळ्यात शेवटी हंबीरराव उरले. ते पात्राच्या टोकाला खतवाल्याशी घासाघीस करत होते. सगळा बाजार माळाकडं पळताना बघून त्यांनी एकाला धरलं.

"कुठं निघालाय?"

"तुमच्याकडंच की जेवाया!"

आपल्या नावावर कोण पंगती उठवतंय, हे बघायला हंबीरराव स्वतः माळाकडं निघाले, आणि सौदा तुटू नये म्हणून खतवालाही मागोमाग. रागाच्या भरात ते इतके जोरात चढले, की त्यांनी कोंबडीवाल्यालाही मागं टाकलं.

माळावर बिरोबाचं देऊळ होतं, बिराप्पाची मेंढरं होती, बाकी काही नव्हतं. ना चूल, ना पत्रावळ. धनाजी कमरेवर हात ठेवून बिराप्पाकडं वळला. हंबीररावांनी वहाण हातात घेतली. तेवढ्यात सगळ्यांच्या पायाखालचा दगड थरथरला.

वरच्या अंगाला बांधाच्या मधोमध एक फट दिसली, तिचं दार झालं आणि दाराची वेस झाली. लाल पाणी ओढ्यात उतरलं, पुढ्यात बाभळी, दगड आणि बांधाचीच माती घेऊन. बाजाराच्या ताडपत्र्या एकामागून एक उठल्या, फुगल्या, दिसेनाशा झाल्या. कांद्याची पोती गेली. खतवाल्याचा टेम्पो आडवा होऊन फिरत फिरत गेला. खतवाला हंबीररावांच्या शेजारी उभा होता, त्यानं त्यांचा दंड इतका घट्ट धरला, की वहाण खाली पडली.

आवाज ओसरला तेव्हा पात्र पात्रासारखं राहिलं नव्हतं. ओढ्यानं धनाजीच्या हाटेलामागचा काठ कापून तिकडून नवी वाट काढली होती. जुन्या वाटेवर गोटे साचले होते, विहीर वाळूनं बुजली होती आणि हंबीररावांच्या बागेच्या कडेला रेड्याएवढा एक धोंडा येऊन बसला होता.

बिराप्पा खाली बसला. हरणाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

बांगड्यावाले आप्पा खाकरले. "न्हाई म्हंजे... शिरा न्हाईच का मग?"

आधी एक बाई हसली. मग तिला रडू आलं, मग सगळ्यांनाच दोन्ही यायला लागलं. माणसं हळूहळू हंबीररावांकडं बघायला लागली. बिराप्पाही बघत होता, पण भीत भीत.

हंबीरराव खाली पात्राकडं बघत होते, जिथं ते मघाशी घासाघीस करत उभे होते. "बिरू," ते म्हणाले, "किती बोकडं सांगितलीस?"

"आकडा न्हाई सांगितला, दादा. तुमच्या मोठेपणावर सोडलं."

"तुझ्या मेंढरांतली दोन काढ. दाम मी देतो." पडलेली वहाण पायात घालत ते पुढं म्हणाले, "आन् शिऱ्याला तूप घरचं आणा. विकतचं नको."

दिवेलागणीला माळावर पंगत बसली. वाहून गेलेल्या मालाचं दुःख होतं, पण भूकही होती. बिराप्पा पंगतीत बसल्या बसल्या देवळाच्या भिंतीला टेकून झोपला. हरणाबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि कुणालाही त्याला उठवू दिलं नाही.

आता नवा बांध होतोय. पोकलेनवर बिराप्पाच आहे आणि सांडवा किती रुंद ठेवायचा यावरून तो रोज कुणाशी तरी भांडतो. त्याचं एक मोठं नुकसान मात्र झालं. लोक त्याच्यावर विश्वास ठेवायला लागले. परवा धनाजीला तो म्हणाला, की नव्या तलावात मगर सोडणार आहेत, सरकारी, पगारी. धनाजीनं नुसती मान डोलावली आणि तिला राहायला जागा कुठं देणार, असं विचारलं. बिराप्पा दिवसभर उदास होता. संध्याकाळी हरणाबाईला म्हणाला, "अगं, ह्यांनी ऐकूनच घेतलं गं. मज्जाच गेली."

"मग खरं सांगायला लागा," हरणाबाई म्हणाली. "ते कोण ऐकत न्हाई."